हेमाताईंची कापडी पुस्तकं

त्या शनिवारी आम्ही पुस्तकं धुतली होती. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण नारपोलीच्या आमच्या बालवाडीतली पुस्तकं कापडाची आहेत आणि ती महिन्यातून एकदा धुवावीच लागतात. मागच्या अंगणात दोरीला चिमटे लावून मी ती वाळत घातली होती. वाऱ्यावर एक बगळा हलत होता, त्याच्याशेजारी एक चिंबोरी उलटी लटकली होती, एक जांभळा मासा उन्हाकडे तोंड करून सुकत होता... तेवढ्यात वर्षाचा फोन आला. वर्षा म्हणजे आमची बालवाडी चालवणाऱ्या हेमाताईंची मुलगी. "शैलामावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. अशा वेळी कोणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं, आणि फोन ठेवून मी कितीतरी वेळ ती पुस्तकं उलटी करत राहिले, दुसऱ्या बाजूनेही ऊन लागावं म्हणून. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

हेमाताई अंबाडीजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन नारपोलीत आल्या, यजमान एका कचेरीत कारकून. सगळं आयुष्य शहरात गेलं तरी रागावल्या किंवा फार खूश झाल्या की त्यांच्या बोलण्यात 'हाय', 'न्हाय' यायचं. मी मदतनीस म्हणून आले तेव्हा बालवाडीत कागदाची जेमतेम सात-आठ पुस्तकं होती, आणि त्यांत बर्फाचे डोंगर आणि सफरचंदाची झाडं. मुलं पानं चाटायची, फाडायची. एक दिवस ताई समोरच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून धागा तुटलेल्या, डाग पडलेल्या मांजरपाटाचे तुकडे पिशवीभर घेऊन आल्या. शिंप्याकडून रंगीत चिंध्या आणल्या. आठवड्याभरात पहिलं पुस्तक शिवून झालं. त्यातली चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, घर शोधायला निघते. तिला फुटकी चप्पल सापडते, दुधाची पिशवी सापडते, गुटख्याची पुडी सापडते, आणि प्रत्येकात ती शिरून बघते. शेवटी मुलं येऊन तिच्या बिळाच्या तोंडावरचा कचरा बाजूला करतात. मी विचारलं, "ताई, अक्षरं कुठे शिवायची?" त्या म्हणाल्या, "अक्षरं न्हाय गं. कुणाच्या भाषेत लिहू?" खरंच होतं ते. आमच्याकडे मराठी, हिंदी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू बोलणारी मुलं एकाच चटईवर बसायची. ताई पान उघडायच्या आणि गप्प राहायच्या. मग चिंबोरीची गोष्ट मुलंच सांगायची, ज्याच्या त्याच्या भाषेत, आणि सगळ्यांना ती कळायची.

दुपारी डबे खाऊन झाले की पुस्तकांचा तास. खिडकीतून तिरकं ऊन आत यायचं आणि त्यात कापसाचे तंतू इतक्या सावकाश तरंगायचे, की ते खाली येतायत की वर जातायत हे समजू नये. मुलं अर्धी झोपेत. कुणी माशाच्या पाठीवरून बोट फिरवतंय, कुणी बगळ्याचा पंख गालाला लावून डोळे मिटलेत... त्यात ताईंचा हलका आवाज, "आता कुठे गेला मासा?" कधी कधी मला वाटायचं, आपण सगळे एखाद्या संथ पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी आपल्याला वाचतंय.

पण त्या पुस्तकांनी एकदा एका मुलीला फार दुखवलंही होतं. तेही लिहायला हवं, ताईंनी ते कधी लपवलं नाही. जांभळ्या माशाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर त्यांनी एक माणूस शिवला होता. गमबूट घातलेला, लाल डोळ्यांचा, नाल्यात बादलीभर रंग ओतणारा. त्या रंगाने मासा आजारी पडतो, अशी गोष्ट. मुलांनी माणसाला ओरडून ओरडून पळवून लावलं. फक्त आफरीन नावाची चार वर्षांची मुलगी काहीच बोलली नाही. तीन दिवसांनी सकाळी तिचे वडील दारात आले. ते एका रंगाई कारखान्यात कामाला होते. पायात गमबूट होते, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे.

"मैडम," ते म्हणाले, "तीन दिन से बच्ची मेरे हाथ का निवाला नहीं खाती. बोलती है, अब्बू ने मछली मारी."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. आफरीन त्यांच्यामागे उभी होती, पण त्यांना धरून नव्हती. ताईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी ते पुस्तक आणलं, सगळ्या मुलांसमोर खाली बसल्या आणि ब्लेडने त्या माणसाचे टाके एकेक करून उसवले. मग म्हणाल्या, "गलती मेरी है, भाईसाब. आप थोडा बैठोगे?"

ते चटईवर बसले. मुलांनी त्यांचे हात बघितले, एकाने नखाने रंग खरवडूनही पाहिला. त्यांनी सांगितलं, की हा रंग साबणाने जात नाही. गावी त्यांच्या घरामागे नदी होती, तिथे ते लहानपणी पोहायचे, आणि मासे पायाला गुदगुल्या करायचे. "इधर पाइप किधर जाता है, मेरे को मालूम है," ते म्हणाले. "सेठ को बोला भी है. पर पाइप मेरे हाथ में नहीं है ना, बेटा." ताईंनी त्यांचा पंजा मांजरपाटावर ठेवायला लावला, भोवती पेन्सिल फिरवली, तेवढा आकार जांभळ्या चिंधीतून कापला आणि रिकाम्या झालेल्या पानावर तिथेच टाचला. मासा त्या पंजात बसवला. आफरीन पुढे आली. तिने कापडी पंजावर आपला हात ठेवला, मग वडिलांच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी खिशातला बिस्किटाचा पुडा काढून एक बिस्कीट मोडलं. तिने त्यांच्या हातून ते खाल्लं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

सगळे गेल्यावर ताई म्हणाल्या, "शैला, एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलं गं मी." त्यानंतर त्यांच्या एकाही पुस्तकात वाईट माणूस आला नाही. आमच्या वस्तीतला खरा नाला मात्र अजून रोज रंग बदलतो. मी एकदा चिडून म्हटलंही, "ताई, आपल्या पुस्तकांनी काय झालं?" त्या सुईत दोरा ओवत होत्या. "रोज त्या नाल्याकडे बघणारी पोरं झाली," म्हणाल्या. "आधी कुणी बघत पण न्हवतं."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या आणि पुन्हा बालवाडीत आल्या नाहीत. शेवटची भेटले तेव्हा खाटेवर पडून होत्या, आणि झोपेत त्यांची बोटं चादरीवर टाके घालत होती. जाग आल्यावर माझ्याकडे बघून हसल्या. "स्वप्न पडलं गं. आपली सगळी पुस्तकं खाडीत पडली होती. टाके सुटले आणि मासे निघून गेले... बगळा पण उडाला."

"मग? तुम्हाला वाईट वाटलं का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "पाणी चांगलं होतं."

ताईंची एक सवय होती. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालते, ती इतकी अंगवळणी पडलेली असते की ऐकूच येत नाही. पण मधेच लाईट गेली की सगळे माग एका दमात थांबतात, आणि अचानक गल्ली मोठी झाल्यासारखी वाटते. ताई तेव्हा हातातलं पुस्तक मिटायच्या, ओठांवर बोट ठेवायच्या आणि मुलांबरोबर ऐकत बसायच्या. चिमण्या, कुणाच्या घरातली भांडी, लांबची बकरी.

गेल्या आठवड्यात मी गोष्ट सांगत असताना लाईट गेली. माझ्या लक्षात येण्याआधीच एका मुलीने ओठांवर बोट ठेवलं. ती या जूनमध्ये आलीये, तिने हेमाताईंना कधी पाहिलेलं नाही. एकेक करत सगळी मुलं गप्प झाली. मी हळूच विचारलं, "किसने सिखाया?" ती कुजबुजली, "दीदी ने. वो पहले इधर आती थी. श्श... सुनो ना, टीचर." मी ऐकलं. चिमण्या नव्हत्या. बाहेर सार्वजनिक नळ गळत होता, टप... टप... टप. माग चालू असताना तो कधीपासून गळत होता कोण जाणे. ती मुलगी उठली, अनवाणीच बाहेर गेली, आणि आम्ही सगळे आत बसून तो आवाज बंद व्हायची वाट पाहत राहिलो.