ताईचा मोजा

माझी थोरली बहीण एकोणीस वर्षं डास पाळत होती. हसू नका. औषध लावलेल्या मच्छरदाण्या तपासायच्या तर जिवंत डास लागतात, आणि ते आमच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यांत वाढवतात. मी तिथंच काचेची भांडी धुते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रोज सकाळी ताई बाही सारून हात पिंजऱ्यात घालायची. "या गं बायांनो," म्हणायची. बायाच त्या! चावते ती मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं; नर बिचारा साखरपाण्यावर जगतो. सोंडेचं आवरण बाहेरच वाकतं आणि आतल्या केसासारख्या सुया कातडीत शिरून रक्त शोधतात. ती आपली थुंकी आत सोडते, म्हणजे रक्त गोठत नाही. आपल्याला खाज सुटते ती त्या थुंकीनं. दोन-तीन मिनिटांत पोट टम्म लाल. तोवर ताई हात हलवायची नाही. "जेवत्याला उठवू नये," म्हणायची.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून यंत्र आलं. पातळ पडद्याखाली कोमट रक्त. डासांनी ढुंकूनही पाहिलं नाही! आठवडाभर एक अंडं नाही, साहेबांचं तोंड एवढंसं झालं. शेवटी ताईनं दिवसभर वापरलेला पायातला मोजा काढून यंत्रावर चढवला. डास माणसाच्या वासावर येतात, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. नुसती झुंबड उडाली.

त्याच संध्याकाळी अहवाल गेला, त्यावर नाव कुणाचं? साहेबांचं. आणि ताईला काय, तर "आता तुमच्या हाताची गरज नाही, उद्यापासून येऊ नका." अहो, एकोणीस वर्षं स्वतःचं रक्त पाजलं त्या बाईनं! पोरीचं कॉलेज अर्धं राहिलंय, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ताई मात्र पिंजऱ्यांतलं साखरपाणी बदलून एका पायात मोजा घालून घरी गेली, त्याचा तर मला आणखीनच राग आला.

चार दिवसांनी मोठे पाहुणे यंत्र बघायला येणार होते. साहेब नाक दाबून मला म्हणाले, "हा घाणेरडा मोजा आधी स्वच्छ धू."

धुतला की वास जाईल, हे मी सांगू शकले असते. मेले तरी सांगणार नव्हते. उकळत्या पाण्यात घातला, दोनदा साबण लावला, अगदी हुकमाबरहुकूम.

पाहुण्यांसमोर डास जाळीला चिकटून बसले ते बसलेच. साहेबांनी यंत्राला टिचक्या मारल्या, फुंकर घातली. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी ताईला फोन लावला. "दुसरा मोजा ताबडतोब पाठवून द्या!"

"मोजा एकटा येत नाही, साहेब," ताई म्हणाली, "पायासकट येतो."

गाडी पाठवावी लागली. ताई आली, पण पिंजऱ्याकडे गेलीच नाही. साहेबांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आधी कामावर घेतल्याचा कागद. मग मोजा."