कोणालाच माहीत नाही

समजा, तुम्हाला इंग्रजीत एक पान लिहायचंय. मर रोगानं उभी कपाशी वाळते, ती आधी ज्वारी पेरली तर वाचते का, यावर दोन वर्षं कुंड्यांत रोपं वाढवून तुम्ही प्रयोग केलेत. आकडे तयार, तक्ते तयार. राहिलीय ती प्रबंधाची प्रस्तावना. कुठून सुरुवात कराल?

नरडाण्याच्या जीवरामनं १९३८ साली ती पाहुण्यांच्या रीतीनं केली. पाहुण्यापुढं आधी गाव सांगायचं, मग बापाचं नाव, मग मामाचं गाव. कामाचं बोलणं पाणी पिऊन झाल्यावर. तशी त्यानं तापी सांगितली, काळी जमीन सांगितली, थोरांचे आभार मानले. मनातली अहिराणी आधी शाळेतल्या मराठीत, मग इंग्रजीत, असं एकेक वाक्य दोनदा गाळून उतरवलं. पुण्याच्या कॉलेजात प्रबंध तपासणाऱ्या साहेबांनी अडीच पानांवर तांबडी रेघ ओढली. हे सर्वांना ठाऊक आहे, आजवर काय माहीत नव्हतं तेवढंच आधी सांगा, असा शेरा.

आज शुक्रवार. दुपारच्या गाडीनं टपाल गेलं नाही, तर पदवी वर्षभर लांबणार.

ओट्यावर बसून त्यानं नवं पहिलं वाक्य जुळवलं. शेजारी त्याचे वडील, लोटन आबा, वखराच्या पासेला धार लावत होते.

"काय लिखं रे? माले सांग."

"आबा, मर लागेल जागावर जवारी पेरी ते रोग हटस का, हाई कोनलेच माहीत नही, असं."

आबांचा हात थांबला. "मंग मी तठे तीन साल जवारी का बरं पेरस? बठ्ठा गावले माहीत शे!"

"कागदवर कोठेच नही, आबा."

"मंग कागदवर नही, असं लिख. माले माहीत नही, असं कसाले लिखस?"

चुलीजवळून माय, ताईबाई, म्हणाली, "इंग्रजीमा खोटं बोलं ते पाप नही लागस वाटतं!"

आबा हसले. जीवरामनं मात्र टाक खाली ठेवला. गावाला माहीत आहे असं लिहावं, तर साहेब विचारणार, मग दोन वर्षं तू काय केलंस? नाही असं लिहावं, तर शेजारी बाप बसलेला.

स्टेशनावर घंटा झाली. त्यानं वाक्य खोडलं आणि घाईनं नवं लिहिलं: मर लागलेल्या जागी ज्वारी पेरावी असं नरडाण्याचे शेतकरी लोटन झुलाल म्हणतात, ते खरं का, हे कोणी प्रयोग करून तपासलेलं नाही. शाई वाळायच्या आत पाकीट चिकटवून तो धावत सुटला.

गाडी गेली. पाकीटही गेलं. आबांच्या नावावर तांबडी रेघ येईल का, या धास्तीनं तो रिकाम्या फलाटावर उभा राहिला. बापाला माहीत असलेलं 'माहीत' धरत नसतील, तर ते कुणाला कळल्यावर धरतात?