कासवाची अकरा अंडी

माझ्यावर आयुष्यात एकच गुन्हा दाखल होता होता राहिला, आणि तोही कासवाची अंडी चोरल्याचा.

मी जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात राहणारा, शाळेत भूगोल शिकवणारा निरुपद्रवी गृहस्थ. (समुद्र तोवर फक्त नकाशात निळा रंगवलेला!) गेल्या थंडीत बायको आणि कॉलेजातली मुलगी मिनी यांना घेऊन कोकणात गेलो. एक अख्खा दिवस वाळूवर नुसतं लोळायचं, हा मिनीचा हुकूम.

पण आम्हां जबलपूरकरांची एक खोड आहे. समोर पाणी आणि पायाखाली रेती दिसली की आमचे हात कणकेसाठी शिवशिवतात. नर्मदेच्या काठी गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भरताबरोबर हाणायचे. हेच आमचे गक्कड. आमच्या खानदानात गक्कड भाजावेत ते मीच, असं मत आहे. (मत माझ्या एकट्याचं आहे, पण ठाम आहे.) म्हणून निघतानाच मी आठ गोवऱ्या सुटकेसमध्ये भरल्या.

"अहो, सुटकेसला वास काहून येऊन राहिला?" बायकोनं गाडीतच विचारलं.

"तुझ्या साड्यांचा असेल!"

ती त्यानंतर रत्नागिरीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

किनारा सुरेख होता. सुरूचं बन, लांबच लांब वाळू, माणूस नाही. एक मोठा बोर्ड होता खरा. पण सूचना मुलांनी वाचायच्या असतात, मास्तरांनी नाही, अशी माझी समजूत. वाऱ्यानं काडी टिकेना, म्हणून हातभर खोल खड्डा खणला. गोवऱ्या पेटवल्या, निखारे झाले तसे कणकेचे अकरा पांढुरके गोळे आत मांडले, वर राख लोटली आणि राख उडू नये म्हणून वर रेती.

"पापा, कोई देख रहा है!" मिनी कुजबुजली.

"देखने दो. शिकेल काहीतरी!"

बघणारा वनरक्षक होता. तो काठी उगारून धावतच आला.

"ओ काका! हात बाहेर काढा! अंडी कुठायत?"

"अंडी? अहो, आम्ही शाकाहारी आहोत!"

"सगळे हेच सांगतात. पांढरे गोळे मी डोळ्यांनी पाहिलेत! इथं कासवं अंडी घालतात, बोर्ड वाचला नाही? आणि वर विस्तव! चला ऑफिसात, गुन्हाच दाखल करतो."

'भूगोलाचे शिक्षक अंडीचोर' ही बातमी सातवी ब मोठ्यानं वाचत असल्याचं मला दिसायला लागलं. खरंच सांगतो, मी भयंकर घाबरलो होतो.

"भैया, ते गक्कड आहेत, गक्कड!"

"हा गक्कड कोण? अजून किती जण आहात तुम्ही?"

"अगं, सांग ना यांना!" मी बायकोकडे वळलो.

"मी काहून सांगू? माझ्या तर साड्यांना वास येऊन राहिला ना!"

अर्ध्या तासाच्या अशा वादावादीनंतर शेवटी मिनीनं बादलीभर समुद्र खड्ड्यात ओतला. फस्स! वनरक्षकानं काठीनं उकरून एक गक्कड वर काढला. राखेनं काळा, वाळूनं माखलेला.

"कासवाचं अंडं मऊ असतं. बोटानं दाबलं की कळतं," म्हणत त्यानं अंगठा रोवला. गक्कड दबला नाही. दोन्ही अंगठे लावले. नाही. मग दगडावर ठेवून काठी हाणली. काठी उडाली! दुसरा घेतला, तिसरा घेतला, तीच कथा. माझा जीव भांड्यात पडला, पण त्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. त्यात राग नव्हता, कीव होती.

"वहिनी," त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "हे तुम्ही खाता?"

"छे! हे भाजतात, आम्ही गाईला घालतो. आता तर ती पण आमच्या फाटकाशी थांबत नाही."

त्यानं विस्तवाबद्दल मला यथेच्छ झापलं, सगळी राख माझ्याकडून पोत्यात भरून घेतली, खड्डा बुजवून घेतला आणि मग वही काढून नोंद केली. "वाचा आणि सही करा," म्हणाला.

मी वाचलं: 'संशयित वस्तू एकूण अकरा. तपासणी केली. अंडी नाहीत. खाद्यपदार्थही नाही.'

खाली माझी सही आहे!