खाटेवरून दिसेल असा टीव्ही

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगाम संपला की मशिनी बंद होतात आणि तोंडं सुरू होतात. कापूस येत असतो तेव्हा मान वर करायला सवड नसते. पावसाळ्यात मात्र गाड्या नाहीत, गाठी बांधायची प्रेस बंद, ऑफिसात आम्ही तिघं-चौघं आणि चहा. अशा दिवसांत कोणाच्या घरचा पंखा बिघडला तरी त्याचा किस्सा होतो, आणि त्या किश्शाला लगेच दुसरा चिकटतो. मग त्या वर्षी मी चक्क टीव्ही घ्यायला निघालो, म्हटल्यावर काय झालं असेल ते बघा. अजूनही हिंगणघाटच्या बाजारात ओळखीचं कोणी भेटलं की माझ्या तब्येतीच्या आधी टीव्हीची चौकशी करतं.

मी जिनिंगमध्ये अकाउंटंट. राहायला अल्लीपूरला, रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन. स्वभावाने भित्रा. कुलूप लावून निघालो तरी चौकातून परत येऊन ते ओढून बघणारा. आणि माझ्या भोवतीची मंडळी सगळी खात्रीची. शेठजी, म्हणजे मालक. वानखेडेभाऊ, आमचे ग्रेडर, कापूस चिमटीत ओढून त्याचा दर्जा सांगणारे, आणि त्याच चिमटीत जगातल्या सगळ्या गोष्टींचा दर्जा सांगणारे. आणि टेम्पोवाला देवराव. तिघांनाही कशाचीच भीती वाटत नाही, त्यामुळे त्यांच्या वाटची मलाच वाटते.

*

त्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. बाबांची खाट समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून. सारा जन्म ते त्या खिडकीत कोपर टेकून बसलेले. खिडकीतून उजवीकडे गेला तो वावरात कामाला चालला, डावीकडे गेला तो घरी परतला. कोणाची बैलबंडी आज उशिरा निघाली, कोण अर्ध्या दिवसात परत आला, ही बातमी गावात आधी आमच्या खिडकीत यायची.

आता त्यांना उजव्या कुशीवरच झोपता यायचं. म्हणजे रस्त्याकडे पाठ आणि तोंड आतल्या भिंतीकडे. बसवलं की थोड्या वेळात मान कलंडायची. डॉक्टर म्हणाले, यांचं मन कशात तरी गुंतवा, नाहीतर माणूस आतून खचतो. आणि नेमका त्याच महिन्यात घरचा जुना टीव्ही गेला. मेकॅनिक म्हणाला, याची पिक्चर ट्यूब आता मिळत नाही. बाबांचं जेवण कमी होत चाललं होतं. रोज संध्याकाळी घरी शिरताना मला धडकी भरायची.

वानखेडेभाऊंनी बसल्या जागी उपाय सांगितला. उशी पायथ्याकडे करायची, की तोंड आपोआप खिडकीकडे होतं. मला हे आधी सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडलो. घरी जाऊन उशी उचलली, तेव्हा मंदाने, माझ्या बायकोने, हात धरला. उशी तिकडे केली की डोकं उत्तरेला येत होतं. आमच्याकडे डोकं उत्तरेला करून ठेवतात ते माणूस गेल्यावर. मी उशी हातात घेऊन तसाच उभा. आणि दोन महिने धड वाक्य न बोललेले बाबा म्हणाले, "मी अजून जित्ता आहो."

उशी मुकाट्याने जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी मी वानखेडेभाऊंना हे सांगितलं तर ते खूश.

"म्हणजे बोलले ना? मंग उपाय लागू पडला."

*

खाट हलणार नाही, बाबा हलणार नाहीत, तेव्हा टीव्हीच आणायचा असं ठरलं. पण खोलीत टीव्हीला जागा एकच. समोरच्या भिंतीत मधोमध आतलं दार, त्यामुळे टीव्ही दाराच्या पलीकडे कोपऱ्यात. म्हणजे बाबांना तो कायम तिरका दिसणार.

शेठजी मोठ्या मनाचे. म्हणाले, विकत घ्यायच्या आधी ऑफिसातला एलसीडी घरी नेऊन लावून बघ. नुसतं म्हणाले नाहीत, स्वतः सोबत आले. खोलीत खुर्ची टाकून टीव्हीच्या बरोब्बर समोर बसले. मंदाने मालिका लावली. शेठजींना चित्र इतकं पसंत पडलं की चहा गार झाला.

मी खाटेशी वाकून बाबांच्या डोळ्यांच्या रेषेत डोकं नेलं. तिथून सगळे चेहरे काळेनिळे दिसत होते, दात तेवढे चमकत होते. मंदाही वाकली. म्हणाली, "सासू कोणती अन् सून कोणती, काईच समजून नाई राह्यलं." बाबांनी डोळे मिटून घेतले.

मी शेठजींना भीत भीत सांगितलं की खाटेवरून नीट दिसत नाही. ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "प्रमोदबाबू, मग बाबूजींना इथं खुर्चीवर बसवा ना. इथून एकदम फर्स्ट क्लास दिसते."

*

कोणीतरी सांगितलं की प्लाझ्मा टीव्ही घ्या, तो कुठूनही बघा, सारखाच दिसतो. तेव्हा प्लाझ्मा बाजारातून जायच्या बेतात होते. दुकानदारांना एलईडी विकायचे होते, म्हणून प्लाझ्मा माझ्यासारख्याला परवडेल अशा भावात आले होते. ही माहिती कळल्यावर माझी झोप उडाली. जी वस्तू दुकानदारालाच नको, ती आपण घरी न्यायची? बिघडला तर पार्ट कुठून आणायचा? पण बाबांचे मिटलेले डोळे आठवायचे.

वर्ध्याच्या दुकानात वानखेडेभाऊ सोबत आले. त्यांनी आधी टीव्हीच्या मागे तळहात धरून बघितला. म्हणाले, गरम होते. विक्रेता म्हणाला, होतो थोडा, लाईटही जास्त खातो. मी घाबरून दोन पावलं मागे सरकलो. मग भाऊ पुढून आले. टीव्ही बंद होता. काळ्याभोर काचेत त्यांना स्वतःची मूर्ती दिसली, तर त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला.

"हे पाहा, आतल्या वानखेड्याचा खिसा उजवीकडं हाय," ते म्हणाले. "सारंच उलटं दाखवून राह्यला हा."

विक्रेत्याने विचारलं, खोलीत खिडकी आहे का? असेल तर जाड पडदा लावा, नाहीतर दिवसा चित्राऐवजी खिडकीच दिसेल. झालं. माझ्या काळजीत खिडकीचीही भर पडली.

शेवटी मी मनाशी ठरवलं की विचारत बसण्यापेक्षा बघून घ्यावं. घरून दोरीने अंतर मोजून नेलं होतंच. दुकानाच्या फरशीवर दोरी धरली, तिरकी जागा शोधली आणि डोक्याखाली हात घेऊन उजव्या कुशीवर आडवा झालो. चालू टीव्हीकडे एकटक बघत होतो. चित्र खरंच स्वच्छ होतं. माणसं माणसांच्या रंगाची होती. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात पुलगावकडचे एक काका मिक्सर बघायला आले होते, त्यांना वाटलं मला मिरगी आली. ते धावत आले आणि पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. बायका ओरडल्या. वानखेडेभाऊ अजून कंगवा पुसत होते. मी तसाच, नाकाशी चप्पल घेऊन, विक्रेत्याला म्हणालो, "हाच द्या. इथून दिसते."

*

टीव्ही बांधून देताना दुकानातल्या माणसाने देवरावला बजावून सांगितलं की प्लाझ्माची काच जड असते, खोका उभाच न्यायचा, आडवा केला की काच जाते. देवरावने मान डोलावली. मी पडद्याचं कापड घ्यायला बाजारात गेलो, जाड, गडद, एकही किरण येऊ नये असं. मग मोटरसायकलने मागून निघालो.

आता जिनिंगमधल्या माणसाची एक श्रद्धा असते, ती बाहेरच्याला कळायची नाही. रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, ठेवलेली वस्तू फुटत नाही. आमच्याकडे काचेच्या बरण्या, गणपती, बल्ब, अंडी, सगळं रुईत जातं. देवरावने सकाळीच टेम्पोत हातभर रुई अंथरून आणली होती. गाव जवळ आल्यावर मी टेम्पोला गाठलं आणि मागे डोकावलो, तर खोका रुईवर पाठीवर निजलेला, वरूनही रुईचं पांघरूण. बाळंतिणीजवळ बाळ निजवतात तसा.

गाडी थांबवून मी देवरावला विचारलं की तुला उभा सांगितला होता ना? तो शांतपणे उतरला.

"भाऊ, उभा होता थोडा वेळ. पण हालून राह्यला होता बिचारा. मंग म्या निजवला."

वर्धा ते अल्लीपूर रस्त्यावरचे सगळे खड्डे मला एकामागून एक आठवले. दुकानात फोन केला. विक्रेत्याने आधी खोका किती वेळ आडवा होता ते विचारलं. मग म्हणाला, आता उभा करून ठेवा, उद्यापर्यंत चालू करू नका, मग बघू नशीब. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोका कोपऱ्यात, मी त्याच्यासमोर. बाबा खाटेवरून कधी खोक्याकडे बघत, कधी माझ्याकडे. मला वाटलं, घरात आजारी कोण, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. बटण दाबायला कोणी तयार होईना. शेवटी मंदाने दाबलं. आणि टीव्ही लागला! एक रेघ नाही, एक डाग नाही. मागच्या जाळीतून रुईचा एक पुंजका तेवढा उडत बाहेर आला.

देवरावने तो चिमटीत पकडला आणि वानखेडेभाऊंच्या हातावर ठेवला. भाऊंनी सवयीने ओढून बघितला. म्हणाले, "माल चांगला होता."

*

भाऊ त्या दिवशी रिकाम्या हाताने आले नव्हते. जिनिंगमध्ये सगळ्यात मोठी भीती आगीची, म्हणून जागोजागी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. हा टीव्ही गरम होतो हे भाऊंच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी एक लाल बादली वाळू भरून आणली आणि टीव्हीखाली ठेवली. मला म्हणाले, तू भित्रा आहेस, तुझ्या जिवाला बरं वाटेल. खरं सांगतो, वाटलं. रात्री उठून मी एकदा टीव्हीला हात लावायचो, एकदा वाळूला.

दोन दिवसांतच कळलं की तिचा फायदा घरात फक्त मांजरीला झाला आहे. मंदाने तिसऱ्या दिवशी बादली परसात नेऊन ओतली आणि मला म्हणाली, "वानखेडेभाऊले सांगजो, आग विझली."

*

एवढं सगळं झालं, पण ज्याच्यासाठी केलं ते झालं नाही. बाबा टीव्ही बघेनात. पडदा लावून खोली अंधारी केलेली, चित्र असं की माणूस बाहेर येऊन बसेल. मी कुस्ती लावली, भजन लावलं, शेतीचा कार्यक्रम लावला. बाबा माझं मन राखायला थोडा वेळ बघत आणि डोळे मिटून घेत. ऑफिसात रोज नवा सल्ला. शेठजी म्हणाले, जुने सिनेमे लावा. देवराव म्हणाला, आवाज वाढवा. वानखेडेभाऊ काहीच म्हणाले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. बाबांची पोळी अर्ध्याची चतकोर झाली होती.

एका सकाळी मी निघायच्या तयारीत होतो आणि लाईट गेली. खोलीत अंधार झाला म्हणून मंदाने पडदा पार बाजूला सारला. मी डबा घेऊन दारात आलो तर बाबांचे डोळे टक्क उघडे. बंद टीव्हीकडे बघत होते. ओठ हलत होते.

"रामभाऊची बंडी," ते म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "गंगूबाई. मागं तिची सून." मी मंदाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. बंद पडलेल्या टीव्हीत बाबांना गावची माणसं दिसायला लागली होती. मनात म्हटलं, संपलं, आता डोक्यावरही परिणाम झाला. डॉक्टरांना फोन लावायला मी खिसा चाचपू लागलो.

तेवढ्यात लाईट आली. टीव्ही लागला, कोणीतरी हसत साबण दाखवू लागलं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. चांगला हात उचलला आणि टीव्हीकडे झटकला.

"बंद कर."

मी बंद केला. काच काळी झाली आणि तिच्यात मागची खिडकी उमटली. बाबांचा चेहरा सैल पडला आणि डोळे पुन्हा काचेवर गेले, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी खिडकीशी जाऊन बाहेर बघितलं. रामभाऊची बंडी वावराच्या वाटेला लागली होती. मागे गंगूबाई आणि तिची सून, हातात डबे, निंदणाला चाललेल्या. त्यांच्याही मागे अर्धी आळी होती, रोजच्यासारखी, उजवीकडे.

मंदाने हलकेच बाबांच्या तोंडात पोळीचा घास दिला. त्यांनी तो चावला, गिळला, दुसऱ्यासाठी तोंड उघडलं आणि मधेच थांबले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावर माझ्यासारखी काळजी दिसली.

"काय रे पमा," ते म्हणाले, "आज सकायीच सारे घराकडं वापस काऊन येऊन राह्यले? गावात काई झालं का?"