प्लॅस्टिकच्या रणगाड्यावरचं वेल्डिंग

त्या उन्हाळ्यात मला बसल्या जागी झोप लागायची. डाळ निवडताना, शिलाई मशीनवर, एकदा तर भुसावळचा बाजार करून येताना रिक्षात भाजीच्या पिशवीवर डोकं टेकून. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत वीज सहसा जात नसे, पंखा दिवसभर गरगरायचा. पण पंखा आहे म्हणून विसावा मिळतो असं थोडंच आहे? वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, ते पुन्हा झटका, पुन्हा धुवा. सासूबाई धुळ्याकडच्या गावाहून राहायला आल्या होत्या, त्यांचं पथ्यपाणी होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात, तसा आमच्या जेवणाच्या टेबलावर रणगाडा येऊन बसला.

रणगाडा प्लॅस्टिकचा, वीतभर लांब. नणंदेचे यजमान आखातात नोकरीला होते, त्यांनी सुट्टीवर येताना सुट्या भागांचा खोका आणला होता. जोडायचा आणि रंगवायचा. आमच्या घरी तेव्हा कुणाचं तरी मन रमवायची गरज होतीच. माझे यजमान वेल्डर, बॉयलरच्या नळ्या जोडणारे. ते काम कुणाच्याही हाती देत नाहीत, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान! मधुमेहानं डोळे अधू केले तेव्हा त्यांना बॉयलरवरून उतरवून टूलरूममध्ये बसवलं. सकाळी पाने-पकडी द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. घरी आले की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

बॉयलरच्या मोठ्या दुरुस्तीआधी वेल्डरांची परीक्षा व्हायची होती. त्यांनी नाव दिलं. नवा चष्मा केलाय, आता सगळं लख्ख दिसतं, म्हणायचे. पास झाले तर पुन्हा बॉयलर, नाहीतर निवृत्तीपर्यंत टूलरूम. मला टूलरूम चालली असती. माणूस वेळेवर घरी येतो, अंगावर ठिणग्या नाहीत, सदऱ्याला भोकं नाहीत. तसं मी बोलूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

रणगाडा जोडून झाल्यावर त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून फिरवून फिरवून पाहिला.

"याला वेल्डच नाही," म्हणाले. "पत्रे नुसते एकमेकांना टेकलेत. खऱ्या गाडीला प्रत्येक सांध्यावर जाड वेल्ड असतं. चंद्रकोरीला चंद्रकोर लागून."

खोक्यावरच्या चित्रात तसं दिसतही होतं. मग त्यांनी ठरवलं, वेल्ड घालायचं. इथं हात बसला की परीक्षेतही बसेल.

त्यासाठी त्यांनी गळके नळ बुजवायची लांबी आणली. दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, त्याचा सुतासारखा धागा वळायचा, तो सांध्यावर ठेवायचा आणि मऊ आहे तोवर टोक तिरकं घासलेल्या जाड सुईनं त्यावर चंद्रकोरी उठवायच्या. वाळलं की दगड. पण त्यांना धागाच वळेना. कुठं गाठ, कुठं तुटलेला. शेवटी गोळा माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "तू बघ जरा."

मी फैजपूरची. आमच्याकडे घरात लग्न निघालं की आळीतल्या बायका मिळून गव्हले वळायच्या, खिरीसाठी रव्याचे तांदळाएवढे दाणे. माझ्या बोटांना ती सवय होती. मी वळायला बसले, तोच सासूबाई जवळ आल्या.

"हाई काय शे?"

"रणगाडा, अक्का. लढाईतला."

"आनि तू काय करी राह्यनी?"

"त्याला वेल्डिंग."

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. लांबी बोटांना चिकटत होती. "बोटेसले जराखं तेल लाव," त्या म्हणाल्या. "बिगर तेलना गव्हला व्हतस का कधी?"

त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही. तेल लावलं, आणि धागे कसे केसासारखे सुटे आले! यजमानही खूश. त्यांनी ते रणगाड्यावर बसवले, कोरी उठवल्या, दुसऱ्या दिवशी हिरवा रंग दिला. रंग वाळला म्हणून रणगाडा उचलला, तर सगळं वेल्डिंग शेवयांसारखं ताटलीत पडलं.

"तेल लावलंस?" ते ओरडले. "वेल्डिंगला तेल? अगं, तेलावर वेल्ड धरतं का?"

"मी सांगं व्हतं तिले," अक्का पलंगावरून म्हणाल्या. "बठ्ठं वाया गय का?"

आईपुढं त्यांचं तोंड बंद झालं. पण माझं सुटलं. "मला खीर येते, वेल्डिंग येत नाही. रणगाड्याची खीर करून आणू का?" एवढं बोलले आणि मला वाटलं, आता ताटलीच भिरकावणार. तर ते हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसले. अक्काही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा मांडलं. त्यांनी रणगाडा साबणानं धुतला, मी नुसत्या ओल्या बोटांनी धागे वळले. ते सांध्यावर मीच ठेवते म्हटलं, तर तेवढं त्यांना चालेना. "वेल्ड वेल्डरनंच टाकायचं," म्हणाले. समोरच्या मोठ्या पत्र्याचा धागा त्यांनी श्वास रोखून ठेवला. मग सुई घेतली. हात अजिबात कापत नव्हता. एकामागून एक कोर उठत गेली, सगळ्या सारख्या, सगळ्या एकाच कलानं. इतकं देखणं काम मी त्यांच्या हातचं याआधी कधी जवळून पाहिलंच नव्हतं. बॉयलरमध्ये बायकोला कोण नेणार?

"कसं आलंय?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. वेल्ड सांध्यावर नव्हतं. सांधा उघडाच होता आणि त्याच्या शेजारून, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, ते सुंदर वेल्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं होतं.

मी फार थकले होते. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"सुंदर आलंय," मी म्हटलं. "पण सांध्यावर नाही. शेजारून गेलंय."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. रणगाडा खिडकीकडे नेला, जवळ धरला, लांब धरला.

"मला सांधा तिथंच दिसतोय," ते म्हणाले. "आत्तासुद्धा तिथंच दिसतोय."

मी त्यांचं बोट धरलं आणि खऱ्या सांध्यावर ठेवलं. त्यांनी नख फिरवलं. नख फटीत अडकलं. तेव्हा मला त्यांची एवढी दया आली की टूलरूम मला चालेल असं कधी म्हटलं होतं, तेही नकोसं झालं. अक्का उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आवरून निघाले. परीक्षेतलं नाव मागं घ्यायला जातो, एवढंच म्हणाले. मी डबा दिला. दारात चपला घालताना ते थांबले.

"नळीवर असं झालं असतं ना," माझ्याकडे न बघता म्हणाले, "तर वाफेनं कुणीतरी भाजलं असतं. आणि मी तिथं उभा राहून म्हटलं असतं, माझं वेल्ड बरोबर आहे."