देवीच्या डोहातला मासा

आमच्या गावात देवीच्या डोहातला मासा कुणी धरत नाही. गावाचं नाव सांगत नाही, भुकूमपासून फार लांब नाही एवढं पुरे. मला भाऊबंदांत राहायचं आहे. डोह तरी केवढा! ओढा डोंगरातून उतरतो तिथे कातळात पडलेला एक खड्डा, काठावर देवीचं ठाणं आणि मागे जांभळीची दोन झाडं. ओढा माघात आटतो, डोह आटत नसे. त्यामुळे सगळ्या ओढ्याचे मासे उन्हाळा तिथे काढायचे आणि पावसाळ्यात पुन्हा खाली पसरायचे. ही बंदी ज्या कुणी घातली, त्याला बी राखून ठेवायचं कळत होतं. देवीचं नाव घातलं की माणसं ऐकतात, हेही कळत होतं.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले. पौडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. थोरल्या भावानं रस्त्याकडची जमीन बिल्डरला दिली, राहिलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्यातल्या दोन मला दिल्या आणि त्यांच्याबरोबर भाडेकरूंची कटकटही दिली. कुणाचा नळ गळतो, कुणाला वायफायवाल्याला आत सोडायचंय. बहिणीला सांभाळतो म्हणून गावात त्याचं नाव आहे. देवीच्या देवस्थानाचा तो मुख्य विश्वस्त, आणि बांधकामांना पाणी पुरवणारे टँकरही त्याचेच.

एका उन्हाळ्यात त्यानं टँकरचा पाइप डोहात सोडला. मासा धरायचा नाही असं देवीनं सांगितलं होतं, पाणी उपसायचं नाही असं कुठे सांगितलं होतं? आठवड्याभरात डोहाचा तळ दिसला. चिखलात मासे तडफडत होते आणि अर्धं गाव घमेली घेऊन जमलं होतं. मी भावाला म्हटलं, "दादा, अरे देवीचे मासे हे." तो म्हणाला, "मरत्यात तशीबी. धराय बंदी हाय, उचलाय न्हाई. वाया कशापायी घालवायची?" त्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी कालवणाचा वास होता. मीही मासे खाते, सोवळं पाळत नाही, पण त्या दिवशी भावाकडून आलेली वाटी मी परत पाठवली.

मोठे मासे गेले. चिखलात राहिले ते बोटाएवढे, ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. शेपटीजवळ काळा ठिपका असलेल्या खवल्या मासोळ्या, अंगावर निळ्या रेघा असलेले चपळ मासे, आणि वाळूत तोंड खुपसून बसणारे मिशाळ मुरे. मी ते चहाच्या गाळणीनं वेचून पातेल्यात घेतले. कालवणाच्या लायकीचे नव्हते म्हणून वाचले बिचारे.

शाळेच्या अडगळीत काचेची जुनी टाकी पडून होती, ती मागून आणली. हवेचा पंप घ्यायला पिरंगुटच्या माशांच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, गोल्डफिश घ्या, एंजल घ्या. नाल्यातले मासे कोण ठेवतं? काय लुक आहे त्यांना?" त्याच्या दुकानात परदेशी माशांच्या भिंतीच्या भिंती होत्या, सुई टोचून रंग भरलेलेसुद्धा. मी पंप घेतला आणि बाहेर पडले. मूर्खाशी वाद घालायचे दिवस शाळेबरोबरच संपले, असं तेव्हा मला वाटत होतं.

लुक म्हणे! सकाळचं ऊन टाकीवर आलं की त्या निळ्या रेघा अशा उजळायच्या की माझा चहा गार व्हायचा. डोहातलीच वाळू, डोहातलेच गोटे, ओढ्याकाठची पाणवनस्पती. पावसाळ्याच्या तोंडाला थोडं पाणी काढून, पाऊस आला असं माशांना वाटावं म्हणून, माठातलं गार पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी पानांना टाचणीच्या टोकाएवढी अंडी चिकटलेली दिसली. आईबापच अंडी खातात, म्हणून ती पानं वेगळ्या टबात काढली. पुढे टबात डोळे पोहायला लागले. पिल्लं म्हणजे नुसते डोळेच असतात सुरुवातीला. मला मूलबाळ नाही. ते दिवस मी ज्या आनंदात काढले तो कुणाला सांगायची लाज वाटायची. मुऱ्यांची वीण मात्र टाकीत झाली नाही. ते होते तेवढेच राहिले.

त्याच सुमाराला शेजारच्या खोल्यांत एक नवं जोडपं राहायला आलं. दोघं लातूरकडची, तो हिंजवडीत नोकरीला, महाळुंग्याला फ्लॅट बुक केलेला आणि ताबा मिळत नव्हता. त्यांच्याकडे भलीमोठी टाकी आणि तिच्यात एकटाच फ्लॉवरहॉर्न नावाचा परदेशी मासा. केशरी अंग, कपाळावर टेंगूळ. कुणा वास्तुवाल्यानं सांगितलं होतं की टेंगूळ जेवढं मोठं तेवढं भाग्य मोठं. त्या टाकीत दुसरं काही ठेवता यायचं नाही, कारण तो सगळं खायचा. रविवारी नवरा छोटे जिवंत मासे पिशवीतून आणून त्याला घालायचा. माणसं मात्र लाघवी होती. बायको माझ्या टाकीपुढे बसायची आणि म्हणायची, "काकू, किती क्यूट आहेत, पण दिसतच नाहीत पटकन." मी म्हणायचे, "दिसत नाहीत म्हणून तर जगले."

पुढच्या उन्हाळ्यात बांधकामांना नळाचं पाणी मिळालं, टँकर बंद पडले आणि डोह भरलेला राहिला. पण नुसतं पाणी. मी काठावर कितीदा बसून पाहिलं, एक शेपटी हलली नाही. खाली ओढ्यात सोसायट्यांचं सांडपाणी सुटलं होतं, तिकडून मासा वर येण्याची आशा नव्हती. या ओढ्याचं जे काही बी शिल्लक होतं ते माझ्या खोलीत होतं. म्हणून दसऱ्याच्या आधी, पाणी निवळल्यावर, मी ते परत नेऊन सोडायचं ठरवलं. डोहाइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली? तिथे गळ पडत नाही, जाळं पडत नाही. शेजारीण बादली धरायला आली. मासे पाण्यात उतरले, क्षणभर घोळक्यानं थबकले आणि कातळाच्या सावलीत शिरले. मी देवीला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. एक मुऱ्या तेवढा टाकीतल्या गोट्याखाली दडून राहिला होता, हाताला लागला नाही. म्हटलं, नेऊ पुन्हा कधी.

दिवाळीनंतर त्या दोघांना फ्लॅटचा ताबा मिळाला. सामान टेंपोत चढलं, दोघं पेढे घेऊन माझ्याकडे आली, आणि हमालांनी ती मोठी टाकी माझ्या दारात आणून ठेवली.

"ही तुम्हाला, काकू," तो म्हणाला. "तुमच्या माशांसाठी. तुमची टाकी फारच लहान आहे."

"आणि तुमचा मासा?"

"त्यानं आमचं काम केलं ना! पझेशन मिळालं. नव्या घरात टाकीला जागा नाही, आणि विकायला काही मन होईना. मग तुमचं बघून सुचलं. सकाळीच देवीच्या डोहात सोडला. हिनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. खायची पण चिंता नाही तिथे, छोटे मासे भरपूर आहेत."

पेढा माझ्या हातात होता. मला किंचाळावंसं वाटलं. पण शाबासकी घ्यायला आलेल्या मुलांसारखी दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. टेंपो निघाल्यावर तो पेढा मी पायरीवर ठेवला आणि डोहाकडे पळत सुटले.

तो दिसायला वेळ लागला नाही. पाण्यात पेटत्या निखाऱ्यासारखा फिरत होता. खवल्या उथळात, बोटभर पाण्यात येऊन दाटल्या होत्या. तो आत यायचा, पाणी फाटायचं, आणि घोळका लहान व्हायचा. घरून मच्छरदाणीचा तुकडा आणला, साडी खोचली आणि पाण्यात उतरले. त्याला कोपऱ्यात घेतलाच होता, तेवढ्यात गुरवाच्या सुनेनं वरून बोंब ठोकली, "आत्या, अवं देवीच्या पान्यात जाळं!" घटकेत माणसं जमली. भाऊ आला.

"भाईर ये," तो म्हणाला. "येड लागलंय का तुला?"

मी सांगितलं. हा मासा इथला नाही, दुकानातला आहे, माणसानं संकर करून बनवलेला आहे, हा डोहातलं एकूण एक खाईल, एवढा एक मला धरू द्या.

"देवीच्या पान्यात जाळं टाकायचं न्हाई म्हंजी न्हाई. हितं बापजाद्यांनी पाळलंय."

"आणि पाइप टाकलास तेव्हा? कालवण ओरपलंत तेव्हा?"

"ती मरत हुती. ह्यो जिता हाय."

यावर माणसांनी माना डोलावल्या. कुंपणच शेत खातं असं म्हणतात. आमच्याकडे कुंपणानं शेत खाल्लं, ढेकर दिली आणि वर राखणीचा मानही घेतला. मला हाताला धरून बाहेर काढलं, तेव्हा मच्छरदाणीच्या तुकड्यात दोन खवल्या अडकल्या होत्या. गुरवाच्या सुनेनं त्या मायेनं सोडवून पुन्हा पाण्यात टाकल्या, त्या केशरी माशाच्या समोर.

त्यानंतर मी पंचायतीत गेले. कुठल्याशा कार्यालयात गेले, तिथे साहेबांनी माशाचा फोटो बघितला आणि "छान आहे हो" म्हणाले. भावाला तर हातापाया पडून सांगितलं. उबदार पाण्यातला तो मासा थंडीत आपोआप मरेल म्हणून रोज सकाळी जाऊन बघायचे, दुसऱ्याच्या मरणावर अशी टपून मी कधी बसले नव्हते. पण तो मेला नाही. संक्रांतीपर्यंत उथळात एकही खवली राहिली नाही, निळी रेघ तर त्याच्याही आधी गेली, वाळू उकरून मुरेही त्यानं वेचले. अख्ख्या डोहात तो एकटाच. त्याची टाकीच मोठी झाली.

आता त्याला देवीचा मासा म्हणतात. कपाळावरचं टेंगूळ म्हणजे देवीनं लावलेला मळवट. रविवारी सोसायट्यांतली माणसं गाड्या घेऊन येतात, कणकेच्या गोळ्या टाकतात, मोबाइल धरून नवस बोलतात. बिल्डरनं काठाला रेलिंग आणि पाटी करून दिली आहे: मासे पकडण्यास सक्त मनाई. लातूरचं जोडपंही मधे पाहुण्यांना घेऊन आलं होतं. "काकू, बघा ना, किती खुश आहे तो," ती म्हणाली. मी "हो" म्हटलं. तिचा काय दोष, असं मी मनाला समजावते, आणि मन ऐकत नाही.

परवा भाऊ हिशेबाला म्हणून माझ्या खोलीत आला. त्या जोडप्यानं दिलेली मोठी टाकी मी भरली आहे, जुन्या टाकीतलं सगळं वाळू-गोट्यांसकट तिच्यात हलवलं आहे, पंप चालू असतो. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"येवढी दांडगी टाकी आन् रिकामीच ठिवलीया? देवीचा हाय तसला येक आण की. घराला लाभंल."

तेवढ्यात गोट्यामागची वाळू हलली आणि मुऱ्यानं मिशांसकट तोंड बाहेर काढलं. साऱ्या ओढ्यातला उरलेला तो एक. मुऱ्याला जोडी लागते, ती आता कुठून आणू? भावाचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि मी दाखवला नाही. दाखवला असता तर म्हणाला असता, "येकलाच हाय व्हय? मंग सोड की देवीच्या डोहात."