पट्टा नवा होता

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती वासासकट. महायुद्धाची वर्षे होती. लोणावळ्याच्या ठाण्यावर मी फौजदार होतो. एका दुपारी घाटातून माणूस धावत आला. उतारूंची सर्व्हिस मोटार उतारावर सुटून डोंगराच्या अंगाला धडकली होती.

आम्ही पोचलो तेव्हा उतारू रस्त्याकडेला कण्हत बसले होते. फूटबोर्डवर उभा असलेला एक ठाकर मजूर गाडी आणि खडक यांच्यात सापडून जागीच गेला होता. ड्रायव्हर चाक धरून तसाच बसलेला. दरीकडे निघालेली गाडी त्याने डोंगरावर घातली म्हणून बाकीचे जगले, हे पाहताक्षणी कळत होते. पण मेलेल्या माणसाचा जाब कोणाकडे तरी मागावा लागतो, आणि हाताशी सापडतो तो गाडी हाकणारा.

"प्यायला असणार!" गर्दी ओरडत होती. ड्रायव्हर लोणावळ्याचाच, मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारा. हवालदाराने त्याचे तोंड हुंगले. "साहेब, चहाचासुद्धा वास नाही."

ठाण्यात जबान्या सुरू झाल्या. गाडीचे मालक म्हणजे गावात मान असलेले शेठ. मोटारीशिवाय त्यांची भाताची गिरणीही होती. खुर्चीवर बसत ते म्हणाले, "ब्रेकचा पट्टा नुकताच नवा टाकलाय. मालकाने याहून काय करायचं, तुम्हीच सांगा." त्यांचा फिटर म्हणाला, "नवाच होता." ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "पट्टा नवा होता, साहेब."

जुन्या गाड्यांच्या चाकात लोखंडी ड्रम असतो. ब्रेक दाबला की आतले दोन बाकदार बूट त्याला आतून घासतात. त्या बुटांवर रिव्हेट मारून जो जाड थर बसवतात, तो पट्टा. घाटात तो घासून घासून तापतो, म्हणून पट्टा निवडताना पहिला विचार आगीचा करायचा असतो. चांगल्या पट्ट्यात न जळणारा धागा आणि पितळेची तार विणलेली असते. युद्धामुळे जुन्या गाड्यांना तसा पट्टा मिळणे दुरापास्त झाले होते.

पट्टा नवा, म्हणजे चूक हाकणाऱ्याची. बेफाम गाडी चालवून माणूस मारल्याचा गुन्हा त्याच्यावर बसणार आणि तो तुरुंगात जाणार, हे ठरल्यासारखेच होते. गाडी ओढून न्यायला शेठनी बैलही मागवले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जखमींच्या जबान्या घेत होतो. आंदर मावळातल्या एका म्हातारीचा हात मोडला होता. तिने मलाच विचारले, "का वो फौजदार, त्या गाडीत भाताची गिरणी हुती का?"

हवालदार हसला. "मावशी, डोक्याला लागलंय का तुमच्या?"

"डोक्याला न्हाई रं मुडद्या, हाताला लागलंय. नाक शाबूत हाय माजं. उतार लागला तसा गिरणीचा वास सुटला. इंजनावरला पट्टा घसरून जळाया लागला का असाच घाण वास येतो. आमी भात घिऊन तितं दिस-दिस बसतो, आमास्नी कळत न्हाई व्हय?"

मी जबानी अर्धी सोडून उठलो. बैल परत पाठवले, गाडीपाशी शिपाई उभा केला आणि ड्रायव्हरला समोर बसवले. पट्टा नवा होता का, हे त्याला पुन्हा विचारले नाही. एवढेच विचारले, "कशाचा?"



"साहेब, मी खोटं बोललो नाही."

"ते मी विचारलेलं नाही."

"गिरणीचा होता," तो म्हणाला. "रबर चढवलेल्या कॅनव्हासचा. मी शेठना म्हटलं होतं, तारेचा पट्टा मिळेपर्यंत गाडी उभी ठेवू. ते म्हणाले, गाडी उभी तर तूही घरी उभा. सपाटीवर लय छान धरायचा, साहेब. वराळ्यापर्यंत नेऊन पाहिली, जागच्या जागी थांबायची. मलाही वाटलं, निभेल."

"मग काल का सांगितलं नाहीस?"

"शेठ म्हणाले, जामीन मी देतो. शपथेवर खोटं बोलायला मी सांगत नाही. नवा होता, एवढंच सांग. आणि साहेब, नवा तर तो होताच."

पंचांसमोर चाक खोलले. ड्रम निघताच तो वास पुन्हा उसळला. कॅनव्हासचे पदर करपले होते आणि रबर काकवीसारखे वितळून बुटांना चिकटले होते. पितळेचा एक कणही त्यात चमकत नव्हता. गिरणीच्या कोठीत त्याच पट्ट्याची उरलेली गुंडाळी मिळाली. ती पाहताच फिटर सगळे बोलला. शेठ मात्र कोर्टातही ताठ होते. "नवा होता," ते तिथेही म्हणाले.

ड्रायव्हर सुटला. शेठना दंड झाला, तो भरून ते घरी गेले आणि त्यांची दुसरी मोटार घाटात धावू लागली. खडकावर मेलेल्या मजुराची बायको निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बसून होती. निकाल काय लागला हे तिला मीच सांगितले. ती म्हणाली, "बरं," आणि उठून चालू लागली. ज्याच्या हाती धंदा, त्याला दंड. ज्याच्या हाती चाक, त्याला एरवी तुरुंगच. हा न्याय मी नोकरीभर कागदावर उतरवत आलो, आणि त्याचा शिणवटा अजून उतरलेला नाही.

ड्रायव्हर जप्त केलेले लायसन्स न्यायला ठाण्यावर आला. ते हातात घेऊन त्याने विचारले, "साहेब, मी खरंच बोललो होतो ना?"

मी म्हणालो, "पट्टाही खराच होता. गिरणीसाठी."

 लायसन्स घडी करून त्याने परत माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेला. त्यानंतर मी घाटमाथ्यावर उभा राहून उतरणाऱ्या प्रत्येक मोटारीला थांबवत असे. सगळे एकच सांगत, "पट्टा नवा आहे, साहेब." मी विचारी, "कशाचा?" आणि त्यांच्या उत्तराआधी चाकाचा वास घेई.